वळचणीला उभं राहून ऐकलेलं अर्धं वाक्य

पत्र

ताई, मी कोथरूडला मुलगा, सून आणि नातवाबरोबर राहते, वय 69. त्याआधी सगळं आयुष्य सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं, वाडा बिल्डरला गेला म्हणून इकडे आले त्याला चार वर्षं झाली. मी बँकेत 31 वर्षं नोकरी केलीय, अडाणी नाही. सून घरूनच काम करते, चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पण गेल्या महिन्यात ती बेडरूमचं दार लावून फोनवर बोलत होती आणि मी पाणी प्यायला उठले होते, तेव्हा "आईंचं... बघायला हवं... एकटं... ठेवून" एवढं कानावर आलं. तेव्हापासून झोप उडालीय. खरं सांगते, त्यानंतर तीनदा मी मुद्दाम दाराशी थांबले. तिसऱ्या वेळी तिने दार उघडलं आणि माझ्या तोंडावर फोनवरच्या बहिणीला म्हणाली, "शी इज ईव्ह्जड्रॉपिंग अगेन". ईव्ह म्हटल्यावर मला पेपरातलं ईव्ह-टीझिंगच आठवलं, वाटलं बाईच्या जातीवरून काहीतरी घाणेरडं बोलली. नातवाने मोबाईलवर बघून सांगितलं, "आजी, म्हणजे चोरून ऐकणं", आणि वर कुठल्यातरी इंग्रज राजाच्या राजवाड्यातल्या लाकडी मुंडक्यांवरून हा शब्द आला म्हणाला. ती मला चोर म्हणाली का? आज बारा दिवस आम्ही कामापुरतं बोलतोय. हल्ली या घरात सगळेच पुटपुटतात, मी टीव्ही मोठा केला की नातू लगेच कमी करतो. या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कुठून, आणि मी काय करू?

— एक सासू, कोथरूड

उत्तर

प्रिय काकू,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या दोन-तीन ओळींपाशी थांबले. त्यांच्याकडे येतेच, पण आधी शब्दाचं बघू कारण तो काट्यासारखा रुतून बसलाय तुमच्या मनात.

पहिली गोष्ट म्हणजे यातली ईव्ह ती नाही. ईव्ह-टीझिंगमधली ईव्ह ही बायबलातली पहिली बाई, आदमची बायको. सुनेने वापरलेल्या शब्दात 'ईव्ह्ज' आहे, आणि ईव्ह्ज म्हणजे छपराचा भिंतीच्या बाहेर आलेला खालचा काठ. त्याला आपल्याकडे अस्सल शब्द आहे आणि तुम्ही तर जन्मभर त्याच्याखाली वावरलात, वळचण. पुढचा 'ड्रॉप' म्हणजे त्या काठावरून गळणारं पाणी. म्हणजे पागोळी! एवढाच आहे तो मूळ शब्द, वळचणीचं पाणी. बाईच्या जातीशी त्याचा काही संबंध नाही, आणि शिवी तर ती नाहीच नाही.

आता पाण्याचा शब्द कानाकडे कसा गेला ते सांगते, आणि हे तुम्हाला कुठल्याही इंग्रजाच्या पोरापेक्षा लवकर समजेल कारण तुम्ही वाडा बघितलाय. माझं लहानपण नारायण पेठेत गेलं. आमच्या वाड्याला मंगलोरी कौलं होती आणि मागच्या बाजूला पन्हळ लावलेली नव्हती, त्यामुळे पाऊस लागला की प्रत्येक कौलाच्या टोकातून एक धार सुटायची आणि ती दरवर्षी त्याच जागी पडायची, आणि खाली मातीत बरोबर तिच्याखाली एक खळगा, मग पुढच्या कौलाचा पुढचा खळगा, अशी भिंतीपासून दीड-दोन हातांवर खळग्यांची एक सरळ ओळच तयार झालेली होती. खळग्यातली माती वाहून जायची आणि तळाशी बारीक पांढरे खडे उरायचे, धुतलेल्या तांदळासारखे. आणि ती खळग्यांची ओळ आणि भिंत यांच्यामध्ये जी पट्टी असायची ना, ती कितीही पाऊस असला तरी कोरडी. मांजर तिथे बसायचं, चपला तिथे, वडलांची सायकल तिथे, अचानक सर आली तर पोस्टमनही तिथेच अंग चोरून उभा राहायचा. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच पट्टीवर उघडायची. तिथे उभ्या असलेल्याला आत कोण काय बोलतंय ते सगळं ऐकू यायचं आणि आतल्याला मात्र बाहेर कोणी आहे याचा पत्ता नसायचा.

ईव्ह्जड्रॉपर म्हणजे त्या कोरड्या पट्टीत उभा असलेला माणूस.

इंग्लंडातही अगदी हेच होतं, फक्त त्यांच्याकडे पाऊस बारा महिने. तिकडे केंट परगण्यातला 868 सालचा एक जमिनीचा दस्त आहे, त्यात लिहिलंय की लोकरिवाजाप्रमाणे वळचणीच्या पाण्यासाठी दोन फूट जागा सोडायची. म्हणजे तुमच्या कौलाचं पाणी शेजाऱ्याच्या जमिनीत पडता कामा नये. अकराशेपेक्षा जास्त वर्षं झाली त्याला, आणि तेव्हा या शब्दात ऐकण्याचा मागमूसही नव्हता, भांडण सगळं पाण्याचं आणि जागेचं. पेठेत असल्या भांडणावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांचं बोलणं बंद झालेलं तुम्हीही बघितलं असेल. मग हळूहळू ज्या पट्टीवर ते पाणी पडतं त्या पट्टीलाच तो शब्द लागला, आणि मग तिथे येऊन उभा राहणाऱ्या माणसाला. माणसाला उद्देशून तो लिहिलेला सापडतो साधारण 1487 सालचा. म्हणजे ऐकणाऱ्याला नाव आधी पडलं, आणि आज तुमच्या सुनेने वापरलं ते क्रियापद त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी आलं.

यावरूनच नातवाची ती राजवाड्याची गोष्ट निकालात निघते. लंडनजवळ हॅम्प्टन कोर्ट म्हणून राजवाडा आहे, तिथल्या मोठ्या दिवाणखान्याच्या छताला लाकडी कोरीव मुंडकी आहेत आणि लोक सांगतात की आठव्या हेन्रीने दरबाऱ्यांना धाक बसावा म्हणून ती बसवली आणि त्यावरून हा शब्द निघाला. मुंडकी आहेत हे खरं, पण तो दिवाणखाना बांधायला घेतला 1532 मध्ये आणि शब्द तर 1487 लाच लिहून झालेला होता, तेव्हा मुंडक्यांवरून शब्द येणं शक्यच नाही. त्याला हे नक्की सांगा. मुलांना तारखा लावून गोष्ट तपासायची सवय लागली तर फार बरं असतं.

आता तुमचा खरा प्रश्न, ती मला चोर म्हणाली का.

नाही, चोर नाही म्हणाली. 'चोरून ऐकणं' या मराठी अर्थात चोर दिसतो कारण आपण तसं भाषांतर करतो, मूळ शब्दात चोरी नाहीये, उभं राहण्याची जागा आहे. पण काकू मी तुमच्याशी खरंच बोलणार, हा काही गोड शब्दही नाही. इंग्लंडमध्ये ईव्ह्जड्रॉपिंग हा चक्क गुन्हा होता. विल्यम ब्लॅकस्टोन म्हणून तिकडचे मोठे कायदेपंडित होऊन गेले, त्यांच्या 1769 साली छापलेल्या खंडात हा गुन्हा दिलाय, आणि त्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. जे लोक भिंतीखाली, खिडकीखाली किंवा वळचणीला उभे राहून दुसऱ्याचं बोलणं ऐकतात आणि त्यावरून बदनामीच्या, भांडणं लावणाऱ्या गोष्टी रचतात ते सगळ्यांना उपद्रव आहेत, असं ते म्हणतात. शिक्षा काय तर दंड, आणि पुढे नीट वागेन म्हणून जामीन. कायद्याच्या पुस्तकातून हा गुन्हा अधिकृतपणे काढला 1967 साली.

त्या व्याख्येतला 'आणि' बघा. ऐकतात *आणि* गोष्टी रचतात. दोन्ही हवं. तुम्ही बाहेर कोणाला एक शब्द सांगितला नाहीत, बिल्डिंगमधल्या बायकांत नाही, मुलाकडेही नाही, महिनाभर एकट्या जागत बसलात आणि शेवटी मला लिहिलंत. तेव्हा ब्लॅकस्टोनच्या कायद्याने अर्धा भाग तुम्हाला लागूच होत नाही. पण पहिला अर्धा लागू होतो. पहिल्या दिवशी पाणी प्यायला उठलात आणि कानावर आलं, त्याला कानावर येणं म्हणतात, त्यात काही चूक नाही. नंतरचे तीन वेळा मात्र तुम्ही स्वतःच लिहिलंय 'मुद्दाम'. ते चुकलंच. दार लावलेल्या खोलीतलं बोलणं हे तिचं होतं, मग ते तुमच्याबद्दल असलं तरी. मला माहितीये वाड्यात असं नसायचं, मातीच्या भिंती, मधल्या फळ्यांच्या पार्टिशन, सकाळी कोणाकडे किती शिट्ट्या झाल्या हे सगळ्यांना माहीत, आणि म्हणूनच आपल्याकडे 'कानोसा घेणे' हा किती सुंदर शब्द आहे, त्यात वाईट काहीच नाही, आजारी माणूस झोपलाय का जागा आहे याचाही कानोसाच घेतात. तुमच्या मनात तुम्ही कानोसाच घेत होता. पण तुमची सून बहुतेक दार लावून झोपायच्या घरात वाढली असणार आणि तिला तो वळचणीला उभा राहिलेला माणूस दिसला.

आणि तिचंही चुकलं, ते लिहिल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल तिसऱ्याच माणसाशी बोलायचं, आणि तेही इंग्रजीत, म्हणजे तुम्हाला लागेल पण विचारता येणार नाही अशा बेताने, हे दाराशी थांबण्यापेक्षा कमी नाही. दार उघडल्यावर 'आई, काय झालं' एवढं विचारलं असतं तर आज हे पत्र आलं नसतं.

तुम्ही बँकेत होता म्हणून अजून एक शब्द सांगते. ऑडिट. आयुष्यभर त्याच्या तारखांना घाबरलात, तर तो शब्दही ऐकण्याचाच आहे, लॅटिनमध्ये 'ऑडिरे' म्हणजे ऐकणे. पूर्वी हिशेब लिहिलेला असला तरी तो मोठ्याने वाचून दाखवायचे आणि तपासणारा समोर बसून ऐकायचा, म्हणून त्या तपासणीला 'ऐकणी' असं नाव पडलं. ऑडिटरला खुर्ची दिली जाते, चहा दिला जातो, अडलं तर 'हे परत वाचा' म्हणायचा त्याला हक्क असतो. वळचणीतला माणूसही तेच ऐकतो पण त्याला परत विचारता येत नाही. मला वाटतं तुमचं सगळं दुखणं इथे आहे. तुम्हाला या घरात चार वर्षांत ती खुर्ची मिळालेली नाही, तुमच्याबद्दल जे ठरतं ते तुम्हाला दाराआडून कळतं.

आता ती चार तुकड्यांची गोष्ट. "आईंचं... बघायला हवं... एकटं... ठेवून". तुम्ही लिहिलं नाहीयेत पण तुम्हाला कशाची भीती वाटली ते मला कळलं, वृद्धाश्रम. "आईंचं कुठेतरी बघायला हवं, त्यांना एकटं इथे किती दिवस ठेवून घेणार" असं तुमच्या मनाने जोडलं. पण हेच तुकडे घ्या आणि हे वाक्य वाचा, "आईंचं पण तिकीट बघायला हवं, त्यांना एकटं घरी ठेवून मी नाही यायची". एकही तुकडा बदलला नाही. यातलं खरं कुठलं ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही माहीत नाही, मधल्या गाळलेल्या जागा भीतीने भरल्यात.

आणि त्या जागा गळल्या का, तर फक्त दारामुळे नाही. मी सुरुवातीला म्हटलं ना की शेवटच्या ओळींपाशी थांबले. 'सगळेच पुटपुटतात', 'टीव्ही मोठा केला की नातू कमी करतो'. काकू, घरातले सगळे एकदम पुटपुटायला लागत नाहीत. वय वाढतं तसं आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी झिजतात आणि त्या परत येत नाहीत, आणि पहिल्यांदा जातात त्या बारीक, उंच पट्टीचे आवाज पकडणाऱ्या. बसचा हॉर्न, मिक्सर, हे सगळं नीट ऐकू येत राहतं त्यामुळे माणसाला वाटतं माझे कान उत्तम आहेत. पण स, श, फ, थ अशी व्यंजनं त्या बारीक आवाजांत असतात, ती पुसली जातात, आणि सात म्हटलं का हात म्हटलं का साथ म्हटलं ते कळेनासं होतं. बायकांचे आणि मुलांचे आवाज पुरुषांपेक्षा आधी धूसर होतात, तुम्हाला घरात नेमकं सून आणि नातू यांचंच ऐकू येत नसेल तर नवल नाही. त्यात बंद दार, ते पण आधी बारीक आवाजच अडवतं. म्हणजे त्या दिवशी तुमच्यापर्यंत वाक्याचा सांगाडाच पोचला. 'ऐकू येतं पण समजत नाही' ही या वयातल्या ऐकण्याची ठरलेली तक्रार आहे.

म्हणून कान तपासून घ्या, या महिन्यातच. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, ससूनला तो विभाग आहे, नाहीतर तुमच्या जवळचे कोणी. आधी ते मळ आहे का बघतील, कधीकधी नुसता मळ निघाला तरी बराच फरक पडतो (तुम्ही मात्र घरी पिन, काडी, गरम तेल काहीही कानात घालू नका). मग ऑडिओमेट्री करतील, म्हणजे एका आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीक बारीक टूं टूं आवाज येतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं, दुखत नाही, काही नाही. त्याचा आलेख मिळतो. साधारण 20-25 डेसिबलच्या आतला आवाज ऐकू आला तर ठीक, त्याच्या वर गेलं तर डॉक्टर पुढचं सांगतील. मशीन लागलं तर लावा हो, चष्मा लावतोच की आपण. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाज नकोसा होतो, ताटली ठेवली तरी दचकायला होतं, मग मेंदूला सवय होते. कित्येक लोक आठ दिवसांत ते कंटाळून कपाटात ठेवतात, तेवढं तुम्ही करू नका.

पण तपासायला जायच्या आधी सुनेशी बोला. मुलाला मध्ये घालू नका, नातवाला तर अजिबात नको. तिचं काम संपल्यावर, चहाच्या वेळी, टीव्ही बंद करून तिच्या समोर बसा, शेजारी नाही, समोर, म्हणजे तिचे ओठ दिसतील आणि समजायला सोपं जाईल. आणि मोजकं बोला. मी तुमच्या जागी असते तर एवढंच म्हटलं असतं, "अगं मी त्या दिवशी दाराशी उभी होते, चुकलं माझं. पण त्याच्या आधी 'आईंचं बघायला हवं' असं काहीतरी कानावर आलं आणि मी घाबरले. माझ्याबद्दल काय ठरतंय ते मला समोर बसवून सांग, वाईट असलं तरी चालेल. आणि तो शब्द मला लागला". मग थांबा. तिला बोलू द्या. तिने जे सांगितलं ते नाही आवडलं तरी त्याच बैठकीत भांडू नका, एक रात्र जाऊ द्या. आणि समजा ते खरंच वृद्धाश्रमाचं निघालं तर मला परत लिहा, मग आपण घर, पेन्शन, तुमचे कागद सगळं नीट बघू, ते वेगळं पत्र आहे.

तिच्यासाठीही दोन ओळी, हवं तर तिला वाचायला द्या. आईंशी बोलताना दुसऱ्या खोलीतून हाक मारून बोलू नकोस, ओरडूही नकोस, ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत नुसते मोठे होतात. समोर ये, जरा सावकाश बोल, मिक्सर चालू असताना महत्त्वाचं काही सांगू नकोस. एखादं वाक्य कळलं नाही तर तेच परत म्हणण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांग. आणि 'काही नाही, जाऊ दे' हे उत्तर कधीही देऊ नकोस. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला 'जाऊ दे' म्हणणं म्हणजे परत वळचणीला उभं करणं आहे. तपासणीला तू बरोबर जा, म्हणजे आईंना काय ऐकू येतं आणि काय नाही ते तुलाही त्या आलेखावर दिसेल.

नातवाला तो शब्द दाखवायचा असेल तर पावसाची चांगली सर लागली की पेठेत न्या, अजून दोन-चार कौलारू वाडे उरलेत. भिंतीला टेकून उभं करा त्याला, समोर धारा पडतायत आणि पाय कोरडे, आणि मागच्या खिडकीतून कोणाच्या तरी घरातला आवाज येतोय. तुम्हाला त्यातलं किती ऐकू येतं आणि त्याला किती, तेही तिथेच विचारून बघा.

तुमची,
ताई